चोरीची भरपाई कोणाकडे? ग्वाल्हेरच्या पहाऱ्याचा इतिहास

घरफोडी झाल्यावर गेलेला माल कोणी भरून द्यायचा, या प्रश्नाला भारतात फार जुने आणि स्पष्ट उत्तर होते: ज्याच्याकडे राखण, त्याच्याकडे भरपाई. पहारा ही केवळ नोकरी नव्हती, तो एक जामीन होता. आज सिक्युरिटी एजन्सीच्या करारनाम्यात या उत्तराच्या नेमके उलट कलम असते. एजन्सी रक्षक पुरवते, मालाची हमी देत नाही. हा बदल कसा झाला, हे पाहायला ग्वाल्हेरइतकी सोयीची जागा दुसरी नाही. मोगल काळातला कोतवाल, मराठ्यांची छावणी, सरदारांचे वाडे, चंबळच्या दऱ्यांतले दरोडे आणि देशभरच्या बँकांच्या दारांत उभे राहणारे बंदूकधारी गार्ड, असा पहाऱ्याचा सगळा इतिहास या एका शहराभोवती घडला आहे.

भरपाईचा नियम धर्मशास्त्राइतका जुना आहे. चोरीचा माल सापडला नाही तर राजाने तो स्वतःच्या कोशातून द्यावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. याज्ञवल्क्य स्मृती आणखी बारकाईत शिरते. चोरी गावाच्या शिवेत झाली असेल तर गावाने भरून द्यावे, किंवा पावलांचा माग ज्या गावात जातो त्या गावाने द्यावे. गावापासून कोसभराच्या पलीकडे झाली असेल तर आजूबाजूच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून भार उचलावा. चालुक्यांच्या कल्याण नगरीत विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि पुढे शेकडो वर्षे दख्खनच्या न्यायव्यवहारात तिला मान राहिला. या नियमात चोर सापडण्याची वाट पाहिली जात नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. चोराला शिक्षा ही एक बाब आणि ज्याचे गेले त्याला परत मिळणे ही दुसरी बाब, असे दोन वेगळे कप्पे त्यात आहेत.

सुलतानी आणि मोगल अमलात हा विचार टिकून राहिला. आपल्या हद्दीतल्या चोरी-दरोड्याचा जाब शेरशहा गावच्या मुकादमांना विचारत असे. त्याचा मुलगा इस्लामशहा याने तर आपला मुक्काम ग्वाल्हेरलाच हलवला होता. अकबराच्या काळात अबुल फजलने आईन-इ-अकबरीत कोतवालाची कर्तव्ये नोंदवली. मोहल्ल्यांची नोंद ठेवणे, रात्रीची गस्त घालणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणे यांबरोबरच चोर आणि चोरीचा माल शोधून काढावा, नाही तर नुकसानीला कोतवालाने जबाबदार राहावे, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. त्याच अबुल फजलला ऑगस्ट १६०२ मध्ये दख्खनहून आग्र्याकडे जाताना, शहाजादा सलीमच्या सांगण्यावरून ओर्छ्याच्या वीरसिंह बुंदेल्याने वाटेत गाठून मारले. त्याची कबर ग्वाल्हेरजवळच्या आंतरी गावात आहे. कोतवालाचा अंमल शहराच्या वेशीपर्यंत असे. वेशीबाहेरचा रस्ता सर्वस्वी वेगळा होता, आणि या प्रदेशातला तर विशेषच.

मराठी मुलखात हीच व्यवस्था गावगाड्यात मुरलेली होती. जागल्या, महार, रामोशी, मांग, डोंगराळ भागात भिल्ल, यांच्याकडे गावची राखण असे आणि तिच्या बदल्यात इनाम जमीन किंवा धान्याचा वाटा मिळे. पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीची बारकाईने नोंद केली. रात्री गस्त घालायची, गावात नवे कोण आले-गेले हे ठाऊक ठेवायचे, गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक ओळखायची, आणि चोरी झालीच तर चोर किंवा माल हजर करायचा, असे राखणदाराचे काम होते.

चोरी उघडकीला आली की सर्वात आधी पावलांचे ठसे जपले जात. फोडलेल्या भिंतीजवळची माती कोणी तुडवू नये म्हणून लोकांना मागे सारत आणि स्पष्ट उमटलेल्या ठशावर टोपली किंवा मडके पालथे घालत. मग जाणता माणूस काडीने ठशाची लांबी-रुंदी मोजून घेई. टाच किती दाबली आहे, चालणारा ओझे घेऊन गेला का, एक पाय ओढतो का, वहाणेचा टाका कुठे तुटला आहे, हे तो पाहून ठेवी. माग काढत राखणदार शिवेपर्यंत जात आणि तिथे पुढच्या गावाच्या राखणदाराला बोलावून माग त्याच्या स्वाधीन करत. त्याने काडीचे माप ताडून पाहायचे आणि माग मान्य करायचा. मान्य केला की जबाबदारी त्या गावावर गेली. त्यांनी माग आपल्या शिवेबाहेर काढून दाखवला तर ते मोकळे, नाही तर भरपाई त्यांच्या माथी. याज्ञवल्क्याने सांगितलेला नियम एकोणिसाव्या शतकातही शेतांच्या बांधांवर असा अक्षरशः चालू होता. माग खडकाळ जमिनीवर, नदीत किंवा गुरांच्या वाटेवर पुसला जाई आणि शिवेवर दोन गावांची हुज्जत पडे. तरीही या पद्धतीचा एक मोठा गुण होता. चोरी झाल्याच्या सकाळीच कोणीतरी कामाला लागत असे, कारण न लागण्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागणार होती.

या व्यवस्थेची काळी बाजूही तितकीच खरी आहे. पूर्ण भरपाई करण्याची ऐपत कोणत्याही राखणदाराकडे नव्हती. त्याच्याकडून जमेल तेवढे काढून उरलेले गावावर बसवायचे किंवा प्रकरण दंडावर मिटवायचे, असाच बहुधा शेवट होई. सावकाराच्या तिजोरीतून गेलेल्या मोहरांचा जाब गावकुसाबाहेरच्या, अंगावर धड वस्त्र नसलेल्या माणसाला द्यावा लागे, आणि हा अन्याय होता. याहून वाईट परिणाम पुढे आला. ज्या जमातींकडे राखण दिली जाई त्यांच्याकडेच लोक संशयानेही पाहत. पुण्यात बंगल्यावर रामोशी ठेवला की दुसरा रामोशी तिकडे फिरकत नाही, अशी समजूत इंग्रज अमलातही होती. माळव्यात आणि ग्वाल्हेरच्या मुलखात मोघिया चौकीदारांबद्दल लोक असेच बोलत. ज्याला राखण दिली नाही तो चोरी करील, या भीतीवर उभा असलेला हा व्यवहार होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या संशयाला सरकारी शिक्का दिला. पिढ्यानपिढ्या गावे राखणाऱ्या अनेक समाजांची नावे जन्मजात गुन्हेगारांच्या यादीत चढली आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत ती तशीच राहिली. त्या शिक्क्याचे ओझे त्यांची नातवंडे-पतवंडे अजून वाहत आहेत.

शहरात जबाबदारी कोतवालाची. पण कोतवालावर वरून लक्ष नसेल तर काय होते, हे पुण्याने घाशीराम कोतवालाच्या रूपाने पाहिले. त्याच्या कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर ऑगस्ट १७९१ मध्ये संतापलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० च्या सुमारास स्थिरावली आणि तिचेच लष्कर नावाचे शहर झाले. आधीच्याच वर्षी, १८०९ मध्ये, टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी या फिरत्या छावणीबरोबर होता. त्याच्या पत्रांचे पुस्तक १८१३ मध्ये निघाले आणि छावणीच्या रोजच्या आयुष्याचे ते महत्त्वाचे साधन मानले जाते. छावणीतून वाढलेल्या शहराची सुरक्षाही छावणीच्या पद्धतीनेच उभी राहिली. प्रत्येक सरदाराचा गोट वेगळा, त्याचे शिपाई वेगळे, त्याचा पहारा वेगळा. शितोळे, फाळके, आंग्रे, महाडिक अशा घराण्यांचे लष्करात वाडे झाले. चिटणीस की गोठ, शिंदे की छावणी, फालका बाजार, कंपू ही वस्त्यांची नावे आजही त्या विभागणीची खूण सांगतात. कोतवाली लष्करातल्या बाडा या मुख्य चौकाजवळ होती, पण वाड्यात राहणाऱ्यांची खरी भिस्त स्वतःच्या देवडीवर असे.

मराठी वाडा हीच एक सुरक्षाव्यवस्था होती. बाहेरच्या दोन फळ्यांच्या दाराला लोखंडी खिळे आणि पट्ट्या, आतून भिंतीतल्या खोबणीत सरकणारा लाकडी अडसर. मोठे दार दिवसातून एकदोनदाच उघडे. एरवी ये-जा त्याच दारातल्या लहान दिंडी-दरवाजातून, आणि दिंडी इतकी बुटकी की आत येणाऱ्याला मान झुकवावीच लागे. झुकलेल्या माणसाला हत्यार चालवता येत नाही. दाराच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या, तिथे शिपाई बसलेले. पहिल्या चौकात बाहेरची माणसे, दुसऱ्या चौकात घरची, आणि दागदागिन्यांची कोठी त्याच्याही आत, बहुधा देवघराला किंवा बाळंतिणीच्या खोलीला लागून, जिथे रात्रंदिवस कोणीतरी जागे असते. ग्वाल्हेरच्या वालुकाश्माच्या भिंतींना मातीच्या भिंतींसारखे सहज भोक पाडता येत नसे. त्यामुळे खरी भीती गच्चीची आणि शेजारच्या छपराची. त्याहून मोठी भीती आतल्या माणसाची. म्हणूनच देवडीवर पिढीजात चाकर ठेवण्याची रीत होती. नोकराच्या बापाने आणि आजोबाने त्याच दारावर चाकरी केलेली असे. त्याच्या लग्नाचा, औषधाचा, म्हातारपणाचा भार वाडा उचलत असे, आणि त्याची इमानदारी या नात्यात रुजलेली असे.

शिंद्यांच्या स्वतःच्या खजिन्याची राखण गुप्ततेवर चालत असे. गंगाजळी या नावाने ओळखला जाणारा हा खजिना किल्ल्यातल्या बंद तळघरांत होता. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरात शिरले तेव्हा जयाजीराव आग्र्याला निघून गेले. खजिनदार अमरचंद बांठिया यांनी बंडवाल्या फौजेला पैसा पुरवला, आणि इंग्रजांनी त्यांना लष्करच्या सराफ्यात झाडाला टांगून फाशी दिली. त्यानंतर १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांच्या ताब्यात राहिला. परत मिळाला त्याच वर्षी जयाजीराव वारले. वारस माधवराव तेव्हा १० वर्षांचेही नव्हते. तळघरांचे रहस्य मुलाला सांगण्याआधीच महाराज गेले आणि ती तळघरे पुढे शोधून काढावी लागली, असे सांगतात. एकाच माणसाच्या स्मरणावर टाकलेला पहारा चोराला दूर ठेवतो, पण मालकालाही परका करतो.

इंग्रज अमलात मूळ सूत्र तुटले. १८६१ च्या पोलीस कायद्याने खालसा मुलखात पगारी पोलीस आले. चोरीची फिर्याद नोंदवणे, तपास करणे आणि आरोपीला कोर्टापुढे उभे करणे हे त्यांचे काम ठरले. माल मिळाला तर मालकाला परत, न मिळाला तर पोलिसाच्या खिशातून काही जात नाही. गरीब राखणदारावरचा अन्याय त्यामुळे संपला, ही जमेची बाजू. पण ज्याचे घर फुटले त्याचा हक्कही त्याच वेळी संपला. संस्थानी मुलखात जुनी कल्पना काही काळ तग धरून राहिली. राजपुतान्यात वकिलांच्या पंचायती होत्या आणि ज्या संस्थानाच्या हद्दीत वाटसरू लुटला गेला त्या संस्थानाकडून त्या भरपाई वसूल करून देत. ग्वाल्हेरात दिनकरराव राजवाडे यांच्या दिवाणगिरीत, १८५२ ते १८५९ या वर्षांत, महसुलाबरोबर पोलिसांचीही घडी बसू लागली आणि संस्थानही हळूहळू इंग्रजी वळणावर गेले. गावचा राखणदार आजही आहे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या जमीन महसूल संहितेत कोटवाराची नेमणूक आणि कामे सांगितली आहेत. तो वर्दी देतो. चोरीचा भार मात्र त्याच्यावर नाही.

भरपाईची खात्री गेल्यावर लोक वस्तूंकडे वळले. मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, १९०२ मध्ये त्यांच्या तिजोऱ्या आल्या, आणि लवकरच सराफांच्या पेढ्यांत त्या दिसू लागल्या. अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या घरफोडी-घंटेचे पेटंट १८५३ मध्येच निघाले होते. माणसाच्या जागी यंत्र आले, आणि यंत्राला जाब विचारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर ग्वाल्हेर, भिंड, मुरैना हा पट्टा दरोडेखोरांच्या नावाने देशभर गाजला. दरोडेखोर मानसिंह १९५५ मध्ये मारला गेला. १९६० मध्ये विनोबांपुढे आणि १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्यापुढे अनेकांनी शस्त्रे ठेवली. दरोडे ओसरले, पण घरोघरची परवान्याची बंदूक राहिली. चंबळच्या खेड्यात बारा बोरची बंदूक ही मानाची वस्तू असते आणि शिवाय ती रोजगाराचे साधन आहे. स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक असलेल्या माणसाला बँक, एटीएम, रोकड वाहणारी गाडी, कारखाना इथे बिनबंदुकीच्या रक्षकापेक्षा जास्त पगार मिळतो. परवान्याची ओढ इतकी की २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली, आणि २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या प्रशासनाने अर्जदाराला १० झाडे लावून त्यांच्यासोबतचा फोटो जोडण्याची अट घातली. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. एके काळी दरोड्यांसाठी ओळखला जाणारा हा प्रदेश अशा रीतीने देशाला गार्ड पुरवणारा प्रदेश झाला.

त्यांना काम देणाऱ्या एजन्सी १९७० नंतर वाढल्या. पाटण्याला १९७४ मध्ये सुरू झालेली एसआयएस ही त्यांतली एक मोठी कंपनी. बराच काळ या धंद्याला स्वतंत्र केंद्रीय कायदा नव्हता. तो २००५ मध्ये आला. त्यानुसार परवान्याशिवाय एजन्सी चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २००६ च्या नमुना नियमांत रक्षकाला १६० तासांचे प्रशिक्षण ठरवले होते, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष. रक्षकांची आणि ग्राहकांची नोंदवही एजन्सीने ठेवायची आहे. मात्र हा कायदा रक्षकांभोवती रचलेला आहे. कॅमेरे आणि अलार्म बसवणाऱ्यांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही, आणि चोरी झाल्यावर एजन्सीने काय करायचे याबद्दलही तो गप्प आहे.

नेमकी इथेच सेवा कोसळते. घरफोडीनंतर कॅमेऱ्याचे चित्रीकरण मागितले तर हार्ड डिस्क महिनोन्‌महिने बंद असल्याचे कळते, किंवा चोर रेकॉर्डरच उचलून नेतो. अलार्मची बॅटरी उतरलेली असते. फोन केला तर दुसऱ्या विभागाचा नंबर मिळतो. रक्षक आदल्याच आठवड्यात बदललेला असतो आणि त्याचा पत्ता कोणाकडे नसतो. जागल्या सकाळी ठशावर टोपली पालथी घालत होता. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येतो, तोही बहुधा नवे उपकरण विकायला. वर कराराच्या बारीक अक्षरांत जबाबदारी नाकारलेली असते. अमेरिकेतही अलार्म कंपन्या करारात आपली जबाबदारी काहीशे डॉलरवर आणून ठेवतात. तिथल्या सॉल्ट लेक सिटीने तर खोट्या अलार्मांना कंटाळून २००० मध्ये ठरवले की आधी कोणीतरी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय नुसत्या अलार्मवर पोलीस जाणार नाहीत. दंड मात्र अजूनही सर्वात खालच्या माणसाला होतो. नुकसान झाले की एजन्सी रक्षकाचा पगार कापते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने अशी कपात मर्यादेत ठेवली होती. माल त्या माणसाच्या स्पष्ट स्वाधीन केलेला असला पाहिजे, तो सरळ त्याच्या हयगयीने गेलेला असला पाहिजे, आणि त्याला बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. परगावी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या भिंड-मुरैनाच्या माणसाला हे कोण सांगणार?

विम्याचा आधारही वाटतो तितका पक्का नाही. हरचंद राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले की घरफोडीच्या पॉलिसीत बळजोरीने प्रवेश ही अट असेल तर ती पाळली गेली पाहिजे. म्हणजे कुलूप किंवा भिंत फोडल्याची खूण नसेल तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

तरीही जुने सूत्र कायद्यात परत येऊ लागले आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात ठरवले की पाहुण्याची गाडी किल्लीसह ताब्यात घेतल्यावर ती चोरीला गेली तर हॉटेल हात झटकू शकत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने बँकांना लॉकरच्या बाबतीत तेच बजावले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२२ पासून नियम लागू केले: बँकेच्या हयगयीने चोरी, दरोडा किंवा आग यांमुळे नुकसान झाले तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट रकमेपर्यंत बँक जबाबदार. राखणीचे पैसे घेणाऱ्यावर भाड्याच्या प्रमाणात ठरलेला भार टाकणारा हा नियम गावगाड्यातल्या जुन्या रिवाजाहून अधिक न्याय्य आहे, कारण इथे भार गरीब जागल्यावर नसून पैसे घेणाऱ्या संस्थेवर आहे. घरांच्या सिक्युरिटी एजन्सींसाठी असा नियम अजून नाही. तो व्हायला हवा.

तोवर ग्वाल्हेरच्या किंवा कुठल्याही शहरातल्या घरमालकाच्या हातात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार २ वर्षांच्या आत, स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, आणि मोबदला म्हणून भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. जबाबदारी एकतर्फी झटकणाऱ्या कलमाला अन्याय्य करार म्हणून राज्य आयोगापुढे आव्हान देता येते. मध्य प्रदेशचा आयोग भोपाळला आहे. त्यासाठी करारनामा, दरमहाच्या पावत्या, एजन्सीचा परवाना क्रमांक आणि चोरीनंतर केलेल्या प्रत्येक तक्रारीची लेखी पोच जपून ठेवावी. करारावर सही करण्याआधी परवाना दाखवायला सांगावे, आणि जबाबदारीचे कलम कंपनीच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावे.